थंडीची काडतुसं

पुण्याला गेले की कुणी ना कुणी विचारतंच, "दुबईत तुम्ही नक्की करता काय?" मी सांगते, लॅबमध्ये आहे. मग समोरचा माणूस आपल्या शुगरचे आकडे सांगायला लागतो. त्याला वाटतं, मी रक्त तपासते. खरं म्हणजे मी रायफलच्या काडतुसात भरायची पावडर तपासते, निवडते आणि भरते. पण हे एकदा सांगितलं की सगळं घर माझ्याभोवती कोंडाळं करून बसतं. त्यापेक्षा मेथ्या भिजवून खा म्हणावं आणि मोकळं व्हावं.

या अंकाच्या संपादिकाबाईंनी मात्र पिच्छा सोडला नाही. "तुमच्या कामातल्या गमतीजमती लिहा," म्हणाल्या. गमती आहेत, एक-दोन सांगेनही. पण लिहायला बसले की एकच गोष्ट पुढे येऊन बसते, आणि ती गमतीची नाही. फराळाच्या ताटात हे जरा कडू लागेल, ते आधीच सांगून ठेवते.

आमचा नेमबाजीचा क्लब शहराबाहेर आहे. रास अल खोरची गोदामं मागे टाकून बरंच पुढे गेलं की इमारती संपतात, तिथे वाळूत लांबलचक रेंज आखलेली आहे. सभासद बहुतेक इथले स्थानिक, थोडे गोरे, एखाददुसरा आपल्याकडचा. त्यांच्या रायफलींसाठी काडतुसं पुन्हा भरायची खोली माझ्याकडे आहे. त्याआधी मी पुण्याला दारूगोळ्याच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते. नवरा फुजैराला तेलाच्या टर्मिनलवर, तो शनिवार-रविवारी घरी येतो. क्लबमध्ये मला सगळे 'बारूद मॅडम' म्हणतात. आधी राग यायचा, आता सही करतानाही तेच लिहीन की काय अशी भीती वाटते.

काडतूस म्हणजे काय ते चटकन सांगते. पितळेची एक पुंगळी, तिच्या बुडाला ठिणगी देणारी छोटी टोपी, आत पावडर आणि तोंडाला गोळी. काडतूस उडालं की गोळी जाते, पावडर जळते, टोपी फुकट जाते, पण पुंगळी शाबूत राहते. ती धुवायची, साच्यातून काढून मापात आणायची, नवी टोपी, नवी पावडर, नवी गोळी बसवायची, की काडतूस तयार. तयार काडतुसं दुकानात मिळतात, मग हा उपद्व्याप कशाला, असं कुणीही विचारेल. स्पर्धेतल्या नेमबाजाला तयार कपडे चालत नाहीत, त्याला शिवून लागतात. प्रत्येक रायफलचा स्वभाव वेगळा असतो. एकीला जे मानवतं ते शेजारच्या तसल्याच रायफलला मानवत नाही.

आणि या सगळ्यात निवडायची असते ती पावडर. लोकांना वाटतं पावडरचा स्फोट होतो. होत नाही. ती जळते. कुठली झटकन जळते, कुठली दमाने. पोह्यांना आणि पुरणाला एकच आच चालत नाही, तसंच हे आहे. मोठी पुंगळी आणि लांब जड गोळी असेल तर दमाने जळणारी पावडर लागते, म्हणजे गोळीला नळीभर हळूहळू रेटा मिळतो. तिथे झटकन पेटणारी घातलीत तर गोळी हलायच्या आत सगळा दाब मागे उभा राहतो. मागे कोण असतं? ज्याने गाल टेकवलाय तो. म्हणून माझ्या खोलीत दोन नियम आहेत. टेबलावर एका वेळी एकच डबा, आणि चिठ्ठी नसलेली पावडर म्हणजे कचरा. एका घाटाच्या सगळ्या पावडरी दिसायला जुळ्या बहिणी. रंगावरून, वासावरून काही कळत नाही.

हे न पटणारी माणसं असतातच. एक गोरे गृहस्थ काचेच्या बरणीत पावडर घेऊन आले. घरमालकाच्या गॅरेजमध्ये सापडली म्हणाले. "मॅडम, तुम्ही इतकी वर्षं या कामात आहात, वास घेऊन सांगा ना कुठली आहे." मी वास घेतला आणि सांगितलं, लोणच्याची बरणी आहे. पावडर त्यांच्यासमोर पाण्यात घातली. पुढे महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. दुसरा एक तरणाताठा स्थानिक इंजिनिअर, मोबाइलवर कुणा अनोळखी माणसाचं पावडरचं माप दाखवायचा. "हबीबी मॅडम, अमेरिकेत सगळे हेच भरतात." मी म्हणायचे, अमेरिकेत जा मग, रायफल तिथेच फुटू दे. पण तो मुलगा शिकला. खालून सुरुवात करायची, थोडं थोडं वाढवायचं, प्रत्येक वेळी पुंगळीचं बूड न्याहाळायचं आणि बूड कुरकुरायला लागलं, म्हणजे त्यावर दाबाच्या खुणा दिसल्या, की दोन पावलं मागे यायचं, हे त्याला एकदा पटलं ते पटलं.

आता इथली खरी अडचण सांगते. ऊन. पावडर तापली की जास्त जोमाने जळते. आपल्याकडच्या हवेत हा फरक चालून जातो. इथे जुलैत बंद गाडीत ठेवलेल्या स्टीलच्या बाटलीतलं पाणीसुद्धा चहा करण्याजोगं होतं. थंडीत जे काडतूस गाईसारखं वागतं, तेच उन्हाळ्यात गाडीतून काढलं तर शिंग मारतं. म्हणून इथे पावडर निवडताना मी वेगाच्या आधी हे बघते की तिला उन्हाचं काही वाटतं का. आमची नेहमीची पावडर बारीक काड्यांची, अशा बाबतीत अगदी शहाणी. वर्षानुवर्षं तीच वापरली.

मग जगात युद्धं पेटली. युद्ध सुरू झालं की पावडर आधी सैन्याकडे जाते आणि आमच्यासारखे हौशी लोक रांगेत शेवटी. काडीची पावडर येईनाशी झाली. त्या थंडीत मोठी स्पर्धा होती. क्लबने कुठून तरी दुसरी पावडर मिळवली, पोलिसांचे परवाने वगैरे सगळं रीतसर. गोल दाण्याची, नेम फार सुरेख देणारी, पण उन्हाला नाजूक. मी डिसेंबर-जानेवारीच्या हवेत तिचं माप बसवलं आणि मॅनेजरना सांगितलं, ही फक्त थंडीपुरती. मार्च लागला की उरलेली काडतुसं परत माझ्याकडे. काडतुसांच्या प्रत्येक डब्यावर निळी पट्टी लावली आणि अरबी-इंग्रजीत तसं लिहिलं.

स्पर्धा झाली, बक्षिसं आली. मार्च आला, पण डबे आले नाहीत. मी फोन केले. "इन्शाल्ला मॅडम, पुढच्या आठवड्यात." नेम इतका चांगला बसतोय तर परत कोण करणार? निळ्या पट्टीचे डबे लोकांनी दागिन्यांसारखे जपून ठेवले.

आता दाऊदभाई. श्रीवर्धनकडचे. क्लबचे आर्मरर, म्हणजे रायफली उघडणं, साफ करणं, दुरुस्त करणं हे त्यांचं काम. माझ्या खोलीला लागूनच त्यांचं टेबल. अख्ख्या क्लबात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे भांडणं मराठीत व्हायची आणि कुणाला कळायची नाहीत. ते सोललेल्या फणसाचे गरे गावाहून आणायचे आणि मला न विचारता माझ्या फ्रिजमध्ये ठेवायचे. पावडरच्या खोलीचा फ्रिज तो, मी ओरडायचे. "खाऊन बगा आदी, मग वरडा," म्हणायचे. रायफल दुरुस्त झाली की पहिली गोळी स्वतः झाडायची, मगच मालकाच्या हातात द्यायची, हा त्यांचा रिवाज होता. कुणी सांगितलेला नाही, त्यांचा त्यांनीच घालून घेतलेला. "ज्या चीजेला आपन हात लावला, तिची पयली जोखीम आपलीच," असं म्हणायचे.

आणि बू राशिद. वयाने सत्तरीच्या पुढचे, स्थानिक, मुंबईशी जुना व्यापार असल्यामुळे हिंदी अस्खलित. अतिशय सभ्य माणूस. मला आणि दाऊदभाईंना कधी एकेरी हाक मारली नाही. थंडीतली स्पर्धा त्यांनीच जिंकली होती, माझ्याच काडतुसांवर.

जुलैतल्या एका सकाळी बू राशिद एकटेच सरावाला आले. तीन गोळ्या झाडल्या आणि रायफलचा बोल्ट अडकला. बोल्ट म्हणजे मागचा तो सरकता दांडा, तो वर उचलून ओढला की रिकामी पुंगळी बाहेर येते. तो घट्ट झाला, तळहाताने ठोकून उघडावा लागला. आमच्या धंद्यात बोल्ट घट्ट होणं म्हणजे काडतूस ओरडून सांगतंय, दाब फार झाला, थांब. जगात कुठेही नेमबाज इथे थांबेल. पण आम्ही वाळूत राहणारी माणसं. इथे दार अडकलं तर रेती, एसी बंद पडला तर रेती, घड्याळ मागे पडलं तरी रेती. बोल्ट घट्ट झाला की इथे कुणाच्याही तोंडून एकच शब्द निघतो.

"दाऊदभाई, रेत गई है, देखो ज़रा," बू राशिद म्हणाले आणि रायफल टेबलावर ठेवली.

दाऊदभाईंनी नेहमीप्रमाणे नळी पुसली, काडतूस बसतं तो भाग साफ केला आणि रेती पुन्हा चिकटू नये म्हणून तेलाचा हात फिरवला. कोरडं करायचं राहिलं. तिथे तेल असलं की पुंगळी भिंतीला धरून राहत नाही, सगळा धक्का सरळ बोल्टवर येतो. ते त्यांनाही ठाऊक होतं. पण रेतीचा इलाज तेल, हात आपोआप गेला. मग रिवाजाप्रमाणे पहिली गोळी झाडायला ते बाहेर गेले, बू राशिदांच्याच डब्यातलं काडतूस घेऊन. एसीतून बाहेर पडलं की जुलैच्या दमट हवेत चष्म्यावर लगेच वाफ धरते. डोळ्यांचं रक्षण करणारा जाड चष्मा त्यांनी कपाळावर सरकवला.

मी आत होते. दिवसभर रेंजचे आवाज कानावर पडत असतात, त्यांच्याकडे लक्षही जात नाही. हा आवाज फाटका होता. मी हातातलं टाकून धावले.

दाऊदभाई खुर्चीतच होते. दोन्ही हात तोंडावर आणि बोटांमधून रक्त. ओरडत नव्हते. "मॅडम, बगा हो, डोला हाय का?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होते. मी म्हटलं, आहे, आहे. हात काढून बघायची मला छाती झाली नाही.

अँब्युलन्स येईपर्यंत बू राशिद त्यांचं डोकं धरून उभे होते. त्यांच्या पांढऱ्या कंदुऱ्यावर, त्या पायघोळ अंगरख्यावर, सगळं लाल झालेलं. मी टेबलावरचा डबा उचलला. निळी पट्टी. डबा हाताला गरम लागला. मी त्यांच्याकडे बघितलं तर ते स्वतःच म्हणाले, "गाड़ी में था. जुमेरात से गाड़ी में ही था." म्हणजे गुरुवारपासून.

उजवा डोळा गेला. डॉक्टरांनी तसं दाऊदभाईंच्या बायकोला, जुबेदाला, कॉरिडॉरमध्ये सांगितलं. ती मला धरून बसली आणि कितीतरी वेळ माझ्या हातावरची काडतुसाची काजळी रुमालाने पुसत राहिली, जणू तेच निघायला हवं होतं.

दोन दिवसांनी मी स्वतःची खात्री करून घेतली. त्याच डब्यातली काही काडतुसं माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर दुपारभर ठेवली. मग कोरडी, स्वच्छ रायफल लोखंडी चौकटीत जखडून, भिंतीआड उभं राहून, दोरीने घोडा ओढला. दुसऱ्याच काडतुसाला बोल्ट अडकला. ना रेती, ना तेल. ऊन आणि ती पावडर, एवढंच पुरेसं होतं. तेलाने पुढचं काम केलं.

हे मी मॅनेजर थॉमस यांना सांगितलं. थॉमस केरळचे, वाईट माणूस नाही, क्लबचा आणि दाऊदभाईंचा विचार करत होते. पोलिसांचा अधिकारी चौकशीला येणार होता आणि त्याच्यासमोर तांत्रिक बाजू मीच सांगायची होती.

"मॅडम, सँड बोल दो," थॉमस म्हणाले. "बोल्ट में सँड था, ॲक्सिडेंट हो गया, खलास. सँड का वीज़ा कैंसल नहीं होता."

"आणि लोकांच्या घरी निळे डबे आहेत त्यांचं काय? ते परत मागवा."

"सँड था तो रिकॉल किसलिए?" ते म्हणाले. "रिकॉल किया तो पुलिस पूछेगा क्यों. फिर पावडर आएगा, फिर ऑइल आएगा, फिर चश्मा आएगा. दाऊदभाई का लाइसेंस जाएगा. यू थिंक."

मी विचार केला. आधी मीच पुन्हा एकेकाला फोन लावले. कारण न सांगता डबे मागितले, नवीन देते म्हटलं. पण नवीन पावडर कुठे होती? लोकांनाही ते माहीत होतं. बरेचसे सुट्टीला युरोपात गेलेले, काही म्हणाले, यल्ला, सप्टेंबरमध्ये बघू. त्या काळात गाड्या, घरं, वाळवंटातले त्यांचे तंबू, कुठे कुठे ते डबे तापत पडले असतील, ही यादी माझ्या डोक्यातून जाईना.

घरी मुलीला सगळं सांगितलं. ती लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, "आई, इट्स नॉट दॅट कॉम्प्लिकेटेड. जस्ट टेल द ट्रुथ." तिच्या वयात मलाही असंच वाटायचं. नवरा फुजैराहून फोनवर म्हणाला, "तू जे बोलशील ते बोल, पण आधी दाऊदभाईंना भेट."

मी शारजाला त्यांच्या घरी गेले. जुबेदाने चहा आणला. आतल्या खोलीत त्यांची मुलगी हफ्सा अभ्यास करत होती, तिचं बारावीचं वर्ष. अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी बांधून दाऊदभाई सोफ्यावर बसले होते. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "थॉमससाब येऊन गेले. मॅडम, तुमी रेतीच सांगा."

"दाऊदभाई..."

"मना स्टोअरमदी लावतो बोललेत. एका डोल्यानं पन डबे मोजता येतात. हफ्साची परीक्षा होऊ दे. मंग जे व्हायचं ते होऊ दे."

"अजून लोकांकडे डबे आहेत, दाऊदभाई. तुमच्यासारखंच अजून कुणाचं तरी..."

"तुमी गुपचूप मागवा ना सगल्यांकडून."

"मागवले. कुणी देत नाही."

जुबेदा दारात उभी होती. मग त्यांनी पट्टीवर हात ठेवला. आवाज चढवला नाही, पण मला तो चढलेल्यापेक्षा जास्त लागला. "माजा गेला ना? मी दिला ना येक? आता दुसऱ्याच्या डोल्यासाठी आनि काय देऊ मी? पोरीचं साल देऊ?"

मी चहा अर्धा ठेवून उठले. गाडीत बसून मी रडले. रडून झालं तेव्हा, रेती म्हणायची, असं मी जवळजवळ ठरवलं होतं.

चौकशी क्लबच्या मीटिंग रूममध्ये झाली. अधिकारी तरुण, नम्र, समोर पाण्याची बाटली. थॉमस माझ्या शेजारी. बू राशिद सुट्टीला देशाबाहेर गेले होते, त्यांना कुणी बोलावलंही नव्हतं. अधिकाऱ्याने मला इंग्रजीत विचारलं की, अपघात कशामुळे झाला.

मी तोंड उघडलं ते 'रेती' म्हणायलाच. पण त्या क्षणी मला तो इंजिनिअर मुलगा आठवला, मोबाइल दाखवणारा. त्याच्याकडेही दोन निळे डबे होते. गेल्या कित्येक वर्षांत मी त्याला एकच गोष्ट शिकवली होती, की पुंगळीचं बूड सांगेल ते ऐक. आणि आता मीच बूड बघून डोळे मिटून घेणार होते. मी म्हटलं, पावडर. उन्हात तापलेली, थंडीसाठीची पावडर. सभासदांकडे असे आणखी डबे आहेत आणि ते आजच्या आज गोळा व्हायला हवेत.

थॉमसनी खुर्ची मागे सरकवली.

अधिकाऱ्याने मान डोलावली. त्याचं काम तो नीट करत होता. पुढचा प्रश्न आलाच. बोल्ट अडकल्यावर आर्मररने काय केलं? मी सांगितलं, साफ करून तेल लावलं. कोरडं केलं होतं का? नाही. डोळ्यांवर चष्मा होता का? कपाळावर होता. प्रत्येक उत्तर एकेका शब्दाचं. ते देताना मी टेबलाच्या कडेकडे बघत होते. वाफ कशी धरते, तो रिवाज काय होता, त्यांनी ती गोळी स्वतःवर घेतली म्हणून सत्तरीतला एक माणूस वाचला, हे सगळं मी नंतर कितीतरी वेळ सांगत बसले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. त्यातलं काहीच त्याने विचारलेलं नव्हतं.

डबे दुसऱ्याच दिवसापासून यायला लागले. पोलिसांचा फोन गेला की कुणी 'इन्शाल्ला' म्हणत नाही. सुट्टीवर गेलेल्यांच्या घरून ड्रायव्हर घेऊन आले. आणि दाऊदभाईंचं आर्मररचं लायसन्स रद्द झालं. लायसन्स गेलं तशी नोकरी गेली, नोकरीबरोबर सगळ्या घराचा व्हिसा. थॉमसनी स्टोअरच्या जागेसाठी वरपर्यंत खटपट केली, ते मला माहीत आहे. वरून उत्तर आलं, निष्काळजीपणाचा ठपका असलेल्या माणसाला शस्त्रांच्या आवारात ठेवता येत नाही. माझ्यावर काही आलं नाही. डब्यावर पट्टी होती, फोन केलेले होते. उलट एका साहेबांनी माझं कौतुक केलं.

दाऊदभाई निघायच्या आदल्या दिवशी मी शारजाला गेले. घरात खोकी बांधणं चाललं होतं. हफ्सा पुस्तकं भरत होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि पाठ फिरवून पुन्हा भरू लागली. तिला श्रीवर्धनला नवी शाळा, नवं बोर्ड, वर्षाच्या मधोमध. दाऊदभाई मला खाली गाडीपर्यंत सोडायला आले. तेवढी रीत त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. जिन्यात उजव्या बाजूच्या भिंतीला त्यांचा खांदा घासत होता, तिकडचं दिसत नव्हतं म्हणून.

गाडीजवळ थांबून म्हणाले, "मॅडम, येक सांगू? डोला उन्हानं नेला. त्याचं मना काय वाटत नाय. चूक माजी पन होती, तेल मीच लावलं. पन नोकरी उन्हानं नेली नाय."

मी म्हटलं, "दाऊदभाई, मला माफ करा."

"माफी कशाला मागता? तुमी खोटं थोडीच बोललाव." आणि वर निघून गेले.

बू राशिद सप्टेंबरमध्ये परत आले. त्यांना सगळं कळलं तेव्हा ते माझ्या खोलीत आले आणि उभ्यानेच म्हणाले, "मुझे क्यों नहीं बुलाया? मैं बोल देता, मेरी गाड़ी में था. मेरा नाम लिखो, बोल देता." ते खरंच बोलले असते. त्याने दाऊदभाईंचं तेल आणि चष्मा पुसला गेला असता का, मला माहीत नाही. त्यानंतर त्यांनी रायफल हातात घेतलेली मी पाहिली नाही. श्रीवर्धनला त्यांनी माणूस पाठवला, मदत पाठवली. दाऊदभाईंनी ती घेतली की नाही, हे मी विचारलं नाही.

जमा झालेले डबे मोकळे करायचं काम माझ्याकडे आलं. एकेक काडतूस उघडायचं, गोळी बाजूला, पावडर पाण्यात. अनेक दिवस तेच केलं. त्या ढिगात एक डबा इंजिनिअर मुलाच्या बायकोने आणून दिला होता. नवऱ्याने गाडीतल्या बाळाच्या सीटमागे ठेवलेला, तिला तो कोपरा साफ करताना सापडला. "ही वॉज गोइंग टू शूट दिस फ्रायडे," ती सहज म्हणाली. ती गेल्यावर मी त्यातलं एक काडतूस दुपारभर उन्हात ठेवलं, रायफल चौकटीत जखडली, भिंतीआड गेले आणि दोरी ओढली. पुंगळीचं बूड उभं चिरून निघालं. बोल्टच्या फटीतून जाळ मागे आला, बरोबर जिथे गाल टेकतो तिथे.

ती चिरलेली पुंगळी मी माझ्या खणात ठेवून दिली. त्या मुलाला मी काही सांगितलं नाही. तो अजून येतो, चेष्टा करतो, दोन्ही डोळ्यांनी हसतो. सांगायचंय ते मला एकाच माणसाला. डोळ्यानंतर तुमच्याकडून जे गेलं, ती नोकरी, ते पोरीचं साल, ते वाया गेलं नाही, दाऊदभाई. त्याने एका घरातला एक डोळा, कदाचित एक माणूस वाचला. त्यांना याने बरं वाटेल असं नाही. माझ्या जागी ते असते तर त्यांनी काय केलं असतं, तेही मला ठाऊक नाही. पण त्यांच्याकडून जे घेतलं गेलं त्याचं काय झालं, हे कळायचा हक्क त्यांचाच आहे.

म्हणून दर शुक्रवारी मी श्रीवर्धनला फोन लावते. हफ्सा उचलते. "अब्बा घरी नाहीत, आंटी," शारजात इंग्रजीत बोलणारी ती आता मराठीत सांगते. तिच्या मागून दाऊदभाईंचा आवाज येत असतो, जुबेदाकडे चहा मागत असतात.